एकेचाळीस नंबरची भाषा

भाषांचं कुटुंब असतं, असं आमचे सर सांगायला लागले की मला हसू आवरत नाही. एक आदिमाता, तिच्या सहा लेकी, त्या लेकींच्या शेकडो लेकी, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर म्हणे आजीचंच नाक. मुलं भराभर वह्यांत झाडं काढतात. मी मागच्या बाकावर हजेरीचे कागद लावत बसलेली असते आणि मनात म्हणते, सर, तुम्ही एकटे राहता, जेवता डब्याचं, तुम्हाला कुटुंब काय कळणार? कुटुंबात एका पातेल्यावरून दोन जावा दहा-दहा वर्षं बोलत नाहीत. आणि यांच्या कुटुंबात हजारो मैलांवरच्या दोन भाषा, कधी तोंड न पाहिलेल्या, लगेच एकमेकींच्या गळ्यात पडतात.

तर हे कुटुंब म्हणजे आफ्रो-आशियाई. अरबी, हिब्रू यांची एक शाखा. पिरॅमिड बांधणारे बोलायचे ती दुसरी, केव्हाच मेलेली. मग वाळवंटातल्या बर्बर, सरोवराच्या आसपासच्या चाडिक, पूर्वेकडच्या कुशिटिक आणि शेवटची ओमोटिक. या सहावीला काही जण घरातलीच मानत नाहीत, त्यावरून परिसंवादात माणसं हमरीतुमरीवर येतात. मला हे सगळं तोंडपाठ आहे. अकरा वर्षं झाली, मी या खात्यात प्रकल्प-सहायक आहे. जे काम कुणाचंच नाही ते प्रकल्प-सहायकाचं. तेही हंगामी. दर वर्षी एक दिवस मला कामावरून काढतात आणि दुसऱ्या दिवशी परत घेतात. त्या एका दिवशी मी घरचे पडदे धुते.

सरांना खात्यात सगळे मूळपुरुष म्हणतात, अर्थात त्यांच्या पाठीमागे. शब्दांची मुळं उकरणं हाच त्यांचा जन्मभराचा उद्योग. आणि या उद्योगात एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. जो शब्द कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही, कुठे लिहिलेला सापडला नाही, पण लेकींचे शब्द पाहून आदिमाता असंच म्हणत असणार असा अंदाज बांधलाय, त्या शब्दाच्या आधी एक चांदणी काढायची. चांदणी म्हणजे काय? तर, आम्ही ऐकलेला नाही बरं का, पण असायला हवा होता. रीत प्रामाणिक आहे, माझं काही म्हणणं नाही. आमच्या घरी ती असती तर सासूबाईंच्या निम्म्या आठवणींना चांदण्या लावाव्या लागल्या असत्या.

खात्याच्या तळघरात लाकडी कपाटं आहेत. साठ खण, एका खणात एक भाषा, खणावर पितळी चौकटीत नावाची चिठ्ठी. आत टाइप केलेली कार्डं: वर शब्द, खाली अर्थ, अगदी तळाशी तो कुणाच्या तोंडून ऐकला त्याचं नाव. दहा वर्षांपूर्वी वरून हुकूम आला की हे सगळं संगणकात गेलं पाहिजे. एक यंत्र आणलं. ते पन्नास-पन्नास कार्डांचा गठ्ठा गिळायचं आणि वाचून घ्यायचं. गठ्ठा पालथा घालायचा, त्यामुळे कार्डांवर काय आहे ते मला दिसायचंही नाही. त्यावर दोन बटणं होती, एक रंगीत, एक काळं-पांढरं. रंगीत दाबलं तर वर्ष गेलं असतं.

"आटपा हो बाई," सर म्हणाले. "कार्डांवर काय आम्ही निसर्गचित्रं काढलीत?"

मी काळं-पांढरं दाबलं. बोट माझं, चूक माझी. ते मी कधीच नाकारलं नाही.

एकेचाळीसव्या खणावरची चिठ्ठी गळून पडलेली होती. मी वर जाऊन विचारलं, "सर, एकेचाळीसवर नाव नाही. कुठली भाषा घालू?" सर भाषणाची घोकंपट्टी करत होते. मान वर न करता म्हणाले, "नाव नाही म्हणून भाषा अडते का? क्रमांक घाला." घातला.

आता मूळपुरुषांची एक जुनी जखम सांगते. उमेदीच्या काळात त्यांनी असा सिद्धान्त मांडला होता की या कुटुंबात सहा नाहीत, सात शाखा. सातवी लेक कुठेतरी हरवलीय, आणि ती सापडली तर तिचे शब्द असे असे निघतील. चारशे बारा शब्द त्यांनी बांधून छापले, प्रत्येकापुढे चांदणी. लोकांनी तेव्हा त्यांना वेड्यात काढलं. तीस वर्षं काढलं. आणि कार्डं संगणकात गेल्यावर दुसऱ्या वर्षी एक दिवस त्यांनी आपली ती जुनी यादी सगळ्या साठ भाषांशी ताडून पाहिली.

सर खुर्चीतून उठले ते उभेच राहिले. "बाई, सापडली! एकेचाळीस!" चारशे बारापैकी चारशे बारा शब्द जुळत होते. मी पाणी दिलं, बसवलं. खोटं कशाला बोलू, मलाही भरून आलं. जन्मभर लोकांनी टिंगल करावी आणि म्हातारपणी हरवलेली लेक दारात उभी राहावी!

माझ्या डोक्यात तेव्हाच उजेड पडायला हवा होता. चारशे बारापैकी चारशे बारा! अहो, सख्ख्या जुळ्या भावांचं एवढं जुळत नाही. पण शिकलेली माणसं आनंदात असली की आमच्यासारख्यांनी शंका काढायची नसते. पुस्तक निघालं. सत्कार झाले, मानपत्रं झाली, सातव्या शाखेचा मोठा तक्ता जिन्यात लागला. हे सगळं पाहून दुसऱ्या विद्यापीठातले एक प्राध्यापक अस्वस्थ झाले. त्यांना आम्ही दौरेवाले म्हणतो, कारण ते कायम कुठून तरी आलेले असतात नाहीतर कुठेतरी निघालेले असतात. ते थोडेच मागे राहणार? वर्षभरात त्यांचा लेख आला: एकेचाळीस नंबरच्या भाषेच्या दोन बोली, उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची. प्रत्यक्ष जाऊन ऐकून.

याच सुमाराला ती मुलगी आमच्याकडे यायला लागली. तिची आई कपडे शिवते, दोघी मायलेकी धुलाईच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहतात आणि घरात एक छोटीशी कुशिटिक भाषा बोलतात. खात्याने तिला तासांवर बोलावलं होतं. काचेच्या खोलीत बसायचं आणि सांगतील ते आपल्या भाषेत म्हणायचं: हात, पाय, पाणी, काल पाणी आणलं, उद्या पाणी आणीन. खात्यात तिचं नाव पडलं जिवंत पुरावा. दोन वर्षं जिवंत पुरावा गुपचूप बोलत राहिला आणि एक दिवस त्याने प्रश्न विचारला. काय सांगू, सगळ्यांचे चेहरे असे झाले की जणू टेबल बोललं.

"सर, तुम्ही आमच्या भाषेला एकेचाळीसची धाकटी बहीण म्हणून सातव्या शाखेत का घातलंय? ती तर सरळ कुशिटिक आहे. शेजारच्या भाषांशी ताडून बघा ना."

सरांनी हसून विषय बदलला. मुलीने बदलला नाही. तिने रीतसर नाव नोंदवलं, पीएच.डी. करायला घेतली आणि आईकडून, मावश्यांकडून एकेक शब्द गोळा करून तीन वर्षांत तीनशे पानांचा प्रबंध उभा केला. मी तो टाइप केलाय, मला माहीत आहे त्यात किती घाम आहे. अन् तिचे मार्गदर्शक कोण? मूळपुरुषच, दुसरं होतंच कोण! त्यांनी दोन वर्षं प्रबंध अडवून ठेवला. एकच पालुपद: हे शब्द एकेचाळीसमध्ये शुद्ध रूपात आहेत, तुमच्याकडचे बिघडलेले आहेत.

एकदा त्यांनी तिच्या आईलाही बोलावून घेतलं. काचेच्या खोलीत बसवून 'ओठ' हा शब्द अकरा वेळा म्हणायला लावला आणि शेवटी म्हणाले, "तुमचा उच्चार सदोष आहे. खरा असा." आणि म्हणून दाखवला! तिची भाषा, तिलाच! ती बाई शांतपणे ऐकत होती. आमची भाषा तिला तोडकीमोडकी येते, तेवढ्यात ती म्हणाली, "माझ्या आईने शिकवलं. तिला सांगा." आणि पिशवी उचलून घरी गेली. मला त्या दिवशी सरांची इतकी चीड आली की त्यांचा चहा मी मुद्दाम पाणचट केला. त्यांना कळलंसुद्धा नाही.

या वर्षी मुलीला बाहेरच्या एका विद्यापीठातून बोलावणं आलं. शिकवायची नोकरी, तिच्याच विषयातली. एकच अट, महिनाअखेरीपर्यंत पदवीची शिफारस हातात हवी. सरांनी शेवटी नाइलाजाने प्रबंध पुढे पाठवला, पण सोबत लेखी आक्षेप जोडून. आणि बाहेरचे परीक्षक म्हणून बोलावलं कुणाला? दौरेवाल्यांना. म्हणजे निकाल लागलेलाच होता, तोंडी परीक्षा नुसती नावाला.

आदल्या दिवशी दुपारी ती माझ्याकडे आली. डोळे सुजलेले.

"ताई, एक काम कराल? एकेचाळीसचे शब्द ज्यांच्या तोंडून ऐकले त्यांची नावं मला हवीत. संगणकात तो रकाना रिकामा आहे. मूळ कार्डावर असतील ना?"

"असणारच. प्रत्येक कार्डावर असतात. तू घरी जा, जेव, मी बघते."

संगणक आल्यापासून तळघरातल्या कार्डांना कुणी हात लावलेला नव्हता. एकेचाळीसवा खण फुगून बसला होता. मी पाय टेकवून जोर लावला तेव्हा कुठे तो निघाला. वरचं कार्ड हातात घेतलं आणि दिव्याखाली धरलं. शब्दाच्या आधी चांदणी होती. लाल शाईची, हाताने काढलेली. दुसऱ्या कार्डावर चांदणी. तिसऱ्यावर चांदणी. आणि तळाशी, जिथे बोलणाऱ्याचं नाव हवं, तिथे काहीच नाही.

सरांच्या जुन्या टाइपरायटरला चांदणीचं बटणच नव्हतं. ते शब्द टाइप करायचे आणि चांदण्या नंतर लाल पेनाने काढायचे. ही त्यांचीच कार्डं, त्यांनी स्वतः रचलेले शब्द, कधीतरी रिकाम्या खणात ठेवले आणि साफ विसरून गेले. काळ्या-पांढऱ्या बटणावर यंत्राला लाल शाई दिसलीच नाही. चांदण्या गळाल्या आणि अंदाज होते ते शब्द झाले. शब्दांची भाषा झाली, भाषेची शाखा झाली, शाखेच्या दोन बोलीही झाल्या, उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची! मी त्या तळघरात एकटी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मग त्या मुलीचा चेहरा आठवला आणि हसू जागच्या जागी थिजलं. एका नसलेल्या भाषेच्या साक्षीवरून तिच्या आईची भाषा खोटी ठरत होती.

संध्याकाळी घरी सगळं सांगितलं. आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांना समजायला वेळ लागला नाही.

"म्हणजे भाषा नाहीच, तरी खातं चाललंय? भलतंच सोयीचं आहे गं. आमच्यात लिफ्ट नसली तर माणूस थेट खाली जातो."

"थट्टा पुरे. उद्या काय करू ते सांगा."

हे गंभीर झाले. "सोमवारी तुझा कायम करायचा कागद निघतोय ना? अकरा वर्षं थांबलीस. बटण तू दाबलंस, खापर तुझ्याच डोक्यावर फुटणार. गप्प बस."

"आणि ती मुलगी?"

"मुलगी हुशार आहे. तिचं काहीतरी होईल."

सासूबाई आतून म्हणाल्या, "हुशार आहे म्हणून उपाशी राहू दे का?" मी ठरवलं की गप्प बसायचं. तरी सकाळी निघताना पन्नासेक कार्डांची गड्डी रबर लावून पर्समध्ये टाकली. का टाकली, मला विचारू नका.

तोंडी परीक्षा अकरा वाजता सभेच्या खोलीत. लांबलचक टेबल, एका बाजूला मूळपुरुष, शेजारी दौरेवाले, मधोमध रजिस्ट्रारसाहेब अध्यक्ष म्हणून. साहेबांना भाषेतलं ओ की ठो कळत नाही, आणि त्या खोलीत शहाणपणाने बोलणारे पुढे तेच निघाले. मी कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला. मुलीची आई बाहेर बाकावर, इस्त्रीच्या कपड्यांत, ताठ बसलेली.

मुलगी चाळीस मिनिटं बोलली. एकदाही अडखळली नाही. मग मूळपुरुषांनी घसा साफ केला.

"तुमचा सगळा डोलारा तुमच्या आईंच्या बोलण्यावर उभा आहे. एकेचाळीसमध्ये हेच शब्द शुद्ध आहेत. त्याचं काय?"

"सर, एकेचाळीस बोलणाऱ्या एका माणसाचं नाव सांगा. फक्त एकाचं."

"मी स्वतः ऐकलीय ती भाषा," दौरेवाले म्हणाले.

"कुणाच्या तोंडून, सर?"

"प्रश्न परीक्षकांनी विचारायचे असतात," असं म्हणून त्यांनी तिला बाहेर बसायला सांगितलं. दार लागलं. मूळपुरुष माझ्याकडे वळले. "लिहा बाई. आधारसामग्री सदोष असल्याने प्रबंधाची शिफारस करता येत नाही."

मी लिहिलं. देवाशपथ लिहिलं. माझा हात चालू होता.

"आणि एक ओळ घाला. उमेदवाराच्या आईचा उच्चार सदोष असल्याचं मार्गदर्शकांनी प्रत्यक्ष तपासलं आहे."

इथे माझं डोकं फिरलं. बाहेर ती माउली इस्त्रीचे कपडे घालून बसलीय आणि आत ही माणसं तिचं तोंड चुकीचं ठरवतायत, तेही माझ्या हाताने! मी पेन खाली ठेवलं, पर्समधली गड्डी काढली आणि रजिस्ट्रारसाहेबांपुढे ठेवली.

"साहेब, एकेचाळीस नंबरची भाषा नाहीये. ही तिची कार्डं. शब्दाआधी लाल चांदणी असली की तो शब्द यांनी अंदाजाने रचलेला असतो, कुणी बोललेला नसतो. यंत्राला लाल शाई दिसली नाही. बटण मी दाबलं होतं."

साहेबांनी दोन-चार कार्डं उलटून पाहिली. "म्हणजे ते चारशे बाराच्या चारशे बारा जुळलं ते?"

"सरांचं सरांशी जुळलं."

मूळपुरुषांनी एक कार्ड उचललं. चष्मा लावला. त्या टाइपरायटरचा एक खिळा वाकडा होता, ते अक्षर नेहमी ओळीच्या वर उडी मारायचं. ते या कार्डावरही उडी मारून बसलेलं होतं. सर त्या चांदणीवरून अंगठा फिरवत राहिले. त्यांना सगळं कळलं होतं, त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसत होतं. मला त्यांची मनापासून कीव आली. माणूस आता खरं बोलेल असंही वाटलं.

"टायपिंग माझ्या टाइपरायटरसारखं दिसतंय खरं," ते म्हणाले आणि कार्ड खाली ठेवलं.

दौरेवाले उसळले. "काहीतरीच काय! मी तिथे तीन आठवडे काढलेत. दोन्ही बोली ऐकल्यात."

"मग सोपं आहे," साहेब म्हणाले. "बोलणाऱ्यांना बोलवा."

"ते वारले."

"कोण? उत्तरेकडचे?"

"हो."

"आणि दक्षिणेकडचे?"

दौरेवाल्यांनी पाण्याचा घोट घेतला. "तेही. साथ होती."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग घड्याळाकडे पाहिलं. मग हळूच कार्डांना परत रबर लावलं. मी हा माणूस अकरा वर्षं बघतेय. त्याने रबर लावलं की समजायचं, तोड निघाली.

"हे पाहा," ते म्हणाले, "सरांच्या पुस्तकावर विद्यापीठाला मान मिळालाय. पुढच्या महिन्यात तपासणी समिती येतेय, जिन्यात तो तक्ता आहे. तेव्हा भाषा होती. तिची अस्सल कार्डं तळघरात होती. बाईंच्या निष्काळजीपणामुळे ती नष्ट झाली. आता पुरावाच उरला नाही म्हटल्यावर सरांचा आक्षेप आपोआप गळतो. आक्षेप नाही, म्हणजे मुलीला पदवी. सरांचं पुस्तक जागेवर, यांच्या बोली जागेवर. कुणाचं काय बिघडलं?"

"माझं," मी म्हणाले.

"तुम्हाला एका ठपक्याच्या पत्रावर सही करावी लागेल. सोमवारचा तुमचा कागद अर्थातच थांबेल."

"आणि नाही केली तर?"

"तर मग रीतसर चौकशी. दीड-दोन वर्षं. तोवर प्रबंध कुलपात. आणि बाई, पदवीवर शिक्का बसेपर्यंत यातलं अक्षर बाहेर गेलं, मुलीच्या कानावर जरी गेलं, तरी शिफारस मागे घेतली जाईल. तिने मग सांगायचं ते तिच्या नव्या नोकरीवाल्यांना सांगावं."

मी मूळपुरुषांकडे पाहिलं. अकरा वर्षं मी त्यांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळल्या. ते खिडकीबाहेर बघत होते. दौरेवाल्यांनी तेवढ्यात मोबाइल काढून गाडीची वेळ बघितली. थू तुमच्या जिनगानीवर, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मुलीच्या महिनाअखेरीला नऊ दिवस उरले होते.

पत्र साहेबांनीच सांगितलं आणि मीच लिहिलं. 'माझ्या निष्काळजीपणामुळे एका संपूर्ण भाषेची, भाषकांची संख्या अज्ञात, एकमेव नोंद कायमची नष्ट झाली.' मी सही केली. सरांनी कार्डांची गड्डी उचलून आपल्या बॅगेत ठेवली.

मुलीला आणि तिच्या आईला आत बोलावलं. साहेबांनी प्रबंध मान्य झाल्याचं सांगितलं. मुलीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आईने तिला जवळ घेतलं. मला इतकं बरं वाटलं की क्षणभर मी बाकी सगळं विसरले. मग साहेबांनी खुलासा वाचून दाखवला. कारण काय, तर एकेचाळीस नंबरच्या भाषेची कार्डं सहायक बाईंच्या हातून नष्ट झाली, सबब आक्षेप मागे.

मुलगी माझ्याकडे वळली. "ताई? तुमच्या हातून?"

दौरेवाले छताकडे बघत होते. साहेब माझ्याकडे.

"हो," मी म्हटलं. "माझ्या हातून."

"सगळी? एकही नाही उरलं? पण काल तर तुम्ही म्हणालात..." तिचं वाक्य अर्धंच राहिलं. काल मी तिला म्हटलं होतं, तू जा, मी बघते. ती माझ्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत मला दिसत होतं की ती काय समजली. तिच्यासाठी मी मुद्दाम नष्ट केली असंही तिला वाटलं असेल. नाहीतर नुसती वेंधळी बाई. दोन्हींतलं कुठलं बरं, मला अजून ठरवता येत नाही.

तिने आईला त्यांच्या भाषेत सांगितलं. आईचा आनंद बघता बघता उतरला. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. रागावली असती तर मी सहन केलं असतं. ती रागावली नाही.

"ते लोक बोलत होते," ती शब्द शोधत म्हणाली. "आई मुलांना बोलत होत्या. रात्री झोपवायला. तुम्ही कसं सांभाळलं नाही?"

त्या खोलीत चार पदव्या घेतलेली दोन माणसं होती आणि एका मेलेल्या भाषेचं दुःख झालं ते या कपडे शिवणाऱ्या बाईला. आणि ते दुःख खोटं होतं, मी ते तिच्या गळ्यात मारलं होतं, आणि तोंड उघडायची मला चोरी होती. मला रडू आलं नाही, संताप आला, स्वतःचाच.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

मायलेकी आपसात हलक्या आवाजात काहीतरी बोलल्या. मग मुलगी, माझ्याकडे न बघता, साहेबांना म्हणाली, "सर, माझ्या आईची आणि मावश्यांची रेकॉर्डिंग इथे आहेत. ती आम्ही घरी नेली तर चालेल का? इथे नको ठेवायला."

"अवश्य न्या," मूळपुरुष लगबगीने म्हणाले. "घरी सुरक्षित राहतील."

मी तळघराची किल्ली घेतली. दोघी माझ्या मागून जिना उतरल्या. मी त्यांच्या रेकॉर्डिंगचा खण उघडून दिला. आई एकेक डबी काढायची, पदराने पुसायची आणि पिशवीत नीट उभी लावायची. मागच्या कोपऱ्यात राहिलेली एक डबी काढून द्यायला मी हात पुढे केला. तिने माझं मनगट धरलं, अगदी हलकेच, माझा हात बाजूला केला आणि ती डबी स्वतः काढून घेतली.